पूरग्रस्तांची डाळ

एरंडोलजवळच्या आमच्या गावात मी अंगणवाडीत मदतनीस होते. झाडायचं, पाणी भरायचं, पोरांचं शिजवायचं. शिजवायला यायचा अमेरिकेचा दलिया, तिकडचंच तेल आणि दुधाची भुकटी. गावाच्या चारी बाजूंना कापूस, ज्वारी, तूर. तरी आमची पोरं परक्याचं खायची. बाया दारातून विचारायच्या, "अक्का, आज ढोरस्नं रांधं का मानसस्नं?" आणि भांडं पुढे करायच्या.

एकदा भुकटीला कुबट वास आला. मी अंगणवाडीच्या बाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, "फेकली तर वर काय सांगू? उकळून घ्या चांगली." मी उकळली. साखर जास्त घातली, म्हणजे वास दबेल. दुपारपर्यंत सात-आठ पोरांना जुलाब लागले. एक पोरगी चार दिवस डोळे उघडत नव्हती. वाचली, पण तिची आई पुन्हा माझ्याशी बोलली नाही. पाठवणारे लांब होते. उकळणारी मी होते.

पुढे मुलगा जळगावला कामाला लागला, म्हणून गाव सोडलं. मी डाळीच्या मिलमध्ये निवडायला जाऊ लागले. तिथे नव्वद सालानंतरच्या एका उन्हाळ्यात मुकादम म्हणाला, "हा माल सरकार घेणार आहे. शेजारच्या देशात पूर आलाय, आपल्याकडून मदत म्हणून जायचाय."

बाया हसल्या. एक म्हणाली, "आपण कधीपासून दान द्यायला लागलो गं?"

"दिलं तर दिलं," दुसरी म्हणाली, "आपल्याला कोण इचारस?"

मला हसू आलं नाही, अभिमानही वाटला नाही. कंबर दुखत होती.

तिसऱ्या दिवशी काही पोती उघडली आणि तोच वास आला. खालची डाळ ओल लागून काळी पडली होती. मुकादम म्हणाला, "चांगल्या डाळीत मिसळा. फुकट मिळणाऱ्याला चालतं."

मी म्हटलं, "नाही चालत. पोरं आजारी पडतात."

"अक्का, तुम्हाला खायची आहे का?"

"मी खाऊ घातलंय असलं."

त्याला काही कळलं नाही. मी सूप खाली ठेवलं आणि ती पोती ओढून बाजूला केली. तो म्हणाला, उद्यापासून येऊ नका. मी म्हटलं, नाही येणार, पण हे मालकांना दाखवून जाईन. घरी सून पोटुशी होती, काम गेलं असतं तर अडचणच होती. तरी बसून राहिले.

मालक आले. डाळ हातात घेऊन हुंगली. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "तपासायला माणूस येणार आहे. पकडलं तर सगळा माल परत येईल," एवढंच मुकादमाला म्हणाले. काळी पोती बाहेर काढली. आणि आधी भरून शिवलेली बठ्ठी, सगळीच्या सगळी पोती उसवून पुन्हा निवडायला सांगितली.

मला कोणी काढलं नाही. पण बायांची दोन दिवसांची मेहनत वाया गेली. आमची मजुरी पोत्यावर होती. माझ्या शेजारी बसणारी, जिच्या डब्यातली चटणी मी रोज खायचे, ती उठून दुसऱ्या रांगेत गेली. कोणीतरी मोठ्यानं म्हणालं, "तू काय बठ्ठास्नी माय शे का?"

मी पुढचं सूप ओढलं. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीच शेजारी बसणारी सूप घेऊन आली आणि माझ्या पुढ्यात आदळलं. "घे, हुंग. तपासणारा सायेब येण्याआधी तूच पास कर."

मी हुंगली. डाळ चांगली होती. तसं सांगितलं. मग दुसरीनं सूप आणलं, मग तिसरीनं. संध्याकाळपर्यंत माझं नाक डाळीच्या धुळीनं बंद झालं होतं, तरी मी एकेक सूप तोंडाजवळ नेत राहिले.