ताईने उघडलेलं इंजिन

माझ्या ताईबद्दल लोक दोनच गोष्टी सांगतात. एक, तिच्याइतकं सुबक काज दुसऱ्या कुणाला जमत नाही. दुसरी, तिच्या नादी लागू नये. दोन्ही खऱ्या आहेत आणि मला दुसरी जास्त आवडते.

ताई कामगारांचे गणवेश शिवते. घराची रस्त्याकडची खोली हेच तिचं दुकान. त्यात दोन मशिनं, कापायचं लांब टेबल आणि भिंतीला टेकवून ठेवलेली कापडाची ठाणं. वय एक्कावन्न, उंची बेताची, आणि वारा जोरात सुटला तर हिला धरून ठेवावं लागेल असं वाटण्याइतकी काटकुळी. लग्न झालं होतं तिचं. अकरा महिन्यांनी एका पिशवीत मावेल एवढं सामान घेऊन ती परत आली आणि का आली ते कुणालाही सांगितलं नाही. कुणी फार खोदून विचारलं, तर गळ्यातली टेप काढून म्हणायची, "माप द्यायचंय का? नाही? मग कामाचं बोला."

घराच्या मागे, पत्र्याच्या आडोशाला, अण्णांची मोटारसायकल बावीस वर्षं पडून होती. अण्णा म्हणजे आमचे वडील. विजेच्या खांबांची तपासणी करायची त्यांची नोकरी, आणि ही गाडी त्यांच्या लग्नाच्याही आधीची. गुडघे बोलायला लागले तेव्हा त्यांनी ती तिथे लावली, ती लावलीच. सीट उंदरांनी खाल्ली, सायलेन्सरमध्ये मुंग्यांनी संसार थाटला, टाकी आतून गंजली. दादाला, म्हणजे आमच्या सगळ्यांत मोठ्या भावाला, अण्णांनी सोळाव्या वर्षी ती चालवायला शिकवली होती. पुढे ताई सोळा वर्षांची झाली तेव्हा तिनेही हट्ट धरला. अण्णा म्हणाले, "तुझे पाय तरी पुरतात का?" पाय पुरत नव्हते हे खरं. पण मी ताडमाड वाढले, माझे पुरत होते, आणि मलाही कुणी शिकवलं नाही. म्हणजे अडचण पायांची नव्हती.

दादा वेगळा राहतो आणि दर रविवारी जेवायला येतो. अशाच एका रविवारी त्याने ताटावर बसल्या बसल्या जाहीर केलं की गाडीला गिऱ्हाईक मिळालंय. एका हॉटेलवाल्याला ती नव्या हॉटेलच्या भिंतीवर टांगायची होती.

"इंजिन काढून टाकणार म्हणे," दादा म्हणाला, "म्हणजे भिंतीवर भार येत नाही. रंगबिंग मारून छान दिसेल."

ताईने हातातला डाव खाली ठेवला. "भिंतीवर जाणार नाही ती. मी चालू करते."

दादा इतका हसला की त्याला ठसका लागला. वहिनीने पाणी दिलं. "तू? अगं, त्यात टाके घालायचे नसतात."

"माहीत आहे मला. नट-बोल्ट असतात. आंधळी नाहीये मी."

तिथेच ठरलं. मुदत दोन महिन्यांची. ताईने गाडी चालू करायची आणि स्वतः चालवत मोठ्या चौकापर्यंत न्यायची. चौक गाठला तर गाडी तिची, कागदपत्रांसकट. नाही गाठला तर हॉटेलवाल्याचा टेम्पो येणार. सगळ्यांनी अण्णांकडे पाहिलं. "बघा तुमचं तुम्ही," असं म्हणून ते हात धुवायला उठले. माझा राग नाकावरच असतो, तो तेव्हा पार डोक्यात गेला. ताई मात्र शांतपणे जेवली, आणि भात दुसऱ्यांदा घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघींनी गाडी ढकलत दुकानात आणली. तिच्या हवा नसलेल्या चाकांचे ओरखडे आमच्या अंगणात अजून आहेत. कोपऱ्यावर गॅरेजवाले मिस्त्री आहेत. ताई त्यांच्याकडे गेली आणि म्हणाली, "मला शिकवा. पण माझ्या गाडीला तुम्ही हात लावायचा नाही." मिस्त्रींनी तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "बाई, पंधरा दिवसांत तुम्ही ती ढकलत माझ्याकडे आणाल."

"पैज लावू नका, हराल," ताई म्हणाली.

मग सुरू झालं तिचं काम, आणि ते तिने तिच्याच पद्धतीने केलं. गंजलेल्या बोल्टांना तीन तीन दिवस डिझेल पाजलं. निघालेला प्रत्येक बोल्ट बटणांच्या डब्यात, डब्यावर खडूने आकडा. प्रत्येक वायरीला वेगळ्या रंगाच्या दोऱ्याची गाठ. इंजिनाचा एकेक भाग खाकी कागदावर ठेवून तिने पेन्सिलीने त्याचा खाका काढला, जसा शर्टाच्या बाहीचा आणि कॉलरचा काढतात तसाच, आणि पुढची बाजू कुठली ते बाण काढून दाखवलं. मिस्त्री ते कागद बघून गेले आणि जाताना एकही खोट काढली नाही. एरवी ते कशालाही नावं ठेवल्याशिवाय जात नाहीत. टाकीचा गंज काढायला आम्ही आत मूठभर बारीक नट आणि रॉकेल घातलं आणि दोघींनी दोन टोकांना धरून ती अर्धा अर्धा तास हलवली. माझे दंड आठवडाभर दुखत होते. ताईचे दुखले असतील तर तिने सांगितलं नाही.

सीट अर्थातच तिने शिवली. काळं जाड रेक्झिन, दुहेरी टीप. आणि इथे माझं डोकं फिरलं. कारण जो येई तो सीट बघून म्हणे, "वा, सीट काय सुरेख शिवलीये हो!" शेजारीण म्हणाली, वहिनी म्हणाली, वस्तू बघायला म्हणून आलेला हॉटेलवालासुद्धा म्हणाला. तिने कार्बोरेटर सुटा करून सुईच्या टोकाने साफ करून पुन्हा जोडला होता, तो कुणाला दिसला नाही. त्या सीटमध्ये तिने फोम दोन इंच कमी भरला होता, म्हणजे बसल्यावर तिचे पाय जमिनीला टेकावेत, तेही कुणाच्या लक्षात आलं नाही. मी भांडायला उठले, तर ताईने मला खाली बसवलं. "बोलू दे. तू तो पाना दे."

चालवायला ती मिस्त्रींच्या जुन्या गाडीवर शिकली. पहाटे मैदानावर, चवड्यांवर तोल सावरत. खरचटलेली कोपरं घेऊन घरी यायची आणि लांब बाह्यांचे कपडे घालून गणवेश कापायला बसायची.

सहाव्या आठवड्यातल्या रविवारी गाडी पहिल्यांदा चालू झाली. अख्खी गल्ली जमली होती. नवव्या किकला ती जी धडधडली, ते ऐकून मी ओरडलेच. ताई मात्र मान तिरकी करून आवाज ऐकत उभी होती. चार मिनिटं झाली असतील. मग आतून घासल्यासारखा आवाज यायला लागला, आवाज वाढला, आणि इंजिन एकदम थांबलं. ताईने किक मारली. ती खालीच जाईना.

"जाम," दादा म्हणाला. "संपला खेळ." आणि त्याने सगळ्यांसमोर खिशातून फोन काढला.

"मुदतीला अजून दोन आठवडे आहेत," ताई म्हणाली. "तोवर तुझा टेम्पो फाटकाच्या बाहेर."

लोक पांगले. मला तेव्हा तिची कीव आली. मी म्हणाले, "ताई, जाऊ दे ना. इतकं केलंस, पुष्कळ झालं." तिने माझ्याकडे जे पाहिलं, ते मी विसरणार नाही. मला कीव आली याची आजही लाज वाटते.

तिने इंजिन पुन्हा उघडलं. चूक संध्याकाळपर्यंत सापडली. उजव्या बाजूच्या झाकणाखाली कागदाचं पॅकिंग बसतं. त्यात वाटाण्याएवढं एक भोक असतं, आणि त्या भोकातूनच तेल इंजिनात पोचतं. जुनं पॅकिंग सडलेलं होतं, म्हणून ताईने नवं स्वतः कापलं होतं. त्याची बाहेरची कड अशी की मशिनवर कापल्यासारखी. पण ते भोक तिने लहान कापलं होतं. सव्वीस वर्षं तिच्या हाताला एकच वळण: काज आधी लहान कापायचं. कमी पडलं तर वाढवता येतं, जास्त कापलं तर कापड वाया. तिने हात राखला, नंतर वाढवू म्हणाली, आणि राहून गेलं. तेलात भिजून कागद फुगला आणि उरलेलं भोकही बुजलं. इंजिन चार मिनिटं कोरडं फिरलं.

मिस्त्रींनी ते पॅकिंग उजेडात धरलं. आता हे हसणार, असं मला वाटलं. ते हसले नाहीत. "अशी चूक आजवर बघितली नव्हती," ते म्हणाले. "बाई, आता माझ्याकडे द्या. पिस्टनवर ओरखडे आलेत, नाजूक काम आहे. मी गुपचूप करून देतो. कुणाला कळणारही नाही."

"मला कळेल," ताई म्हणाली. "चूक माझ्या हाताची आहे. माझाच हात ती काढेल."

बारीक पॉलिश पेपर घेऊन ती नऊ दिवस तो पिस्टन घासत बसली. गणवेशाची एक मोठी ऑर्डर तिने परत केली. तिचं सगळ्यांत जुनं गिऱ्हाईक रागावून गेलं, ते पुन्हा आलंच नाही. नवं पॅकिंग कापताना तिने भोक पंचने पाडलं, एका ठोक्यात, पूर्ण मापाचं. ठोका मारण्याआधी तिने माप तीनदा ताडून पाहिलं.

मुदतीचा रविवार उजाडला. फाटकाबाहेर खरोखरच टेम्पो उभा. हॉटेलवाला, दोरखंड घेतलेले दोन हमाल, दादा, वहिनी. ताई किक मारायला लागली. पाचवी, आठवी, बारावी. एकदा किक उलटी आली आणि तिच्या नडगीवर बसली. ती कळवळली.

दादा पुढे झाला. "सर बाजूला, मी मारतो."

"हात लावलास तर बघ."

सतराव्या किकला गाडी चालू झाली. चार मिनिटं गेली, पाच गेली, दहा गेली. आवाज जसाच्या तसा. मिस्त्रींनी ताईकडे बघून नुसती मान डोलावली.

तेवढ्यात काठी टेकत अण्णा बाहेर आले. गाडीकडे बघत राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते, ते मी पाहिलं. आता हे काहीतरी चांगलं बोलतील अशी वेडी आशा मला वाटली. ते म्हणाले, "झाली ना चालू? आता दादाला दे. तो आणेल चौकापर्यंत फिरवून. तू पडशील."

माझ्या तोंडून काय निघालं असतं कुणास ठाऊक. पण ताई आधी बोलली. आवाज न चढवता.

"पडेन, अण्णा. उठेनही."

आणि ती गेली. वळणावर गाडी जरा डगमगली, मग दिसेनाशी झाली.

चौक आमच्यापासून पाच मिनिटांवर. पंधरा मिनिटं झाली. अर्धा तास झाला. दादा रस्त्यापर्यंत जाऊन परत आला. "सांगितलं होतं मी," तो पुटपुटला. हॉटेलवाला घड्याळ बघून वैतागला आणि टेम्पोत जाऊन बसला. अण्णा उभेच होते. खुर्ची आणली तरी बसेनात. मी फाटकाशी जाऊन वळणाकडे बघत राहिले.

सव्वा तासाने आवाज आला. आधी आवाज आणि मग ताई. डाव्या बाहीला कोपरावर मोठं भोक पडलेलं, हनुवटीवर माती, आणि चेहरा असा, की तो मी तिच्या लग्नातसुद्धा पाहिला नव्हता. तिने गाडी फाटकातून आत घेतली आणि बंद केली.

"कुठे होतीस?" दादा ओरडला. "चौकापर्यंतच जायचं ठरलं होतं ना?"

"चौकापर्यंत तुझ्या शब्दावर गेले," ताई म्हणाली. "तिथे पोचले आणि गाडी माझी झाली. मग कुठे जायचं ते कुणाला विचारायचं होतं?"