मान फिरवणारे, डोळे फिरवणारे

माझ्या नणंदेइतकं समोरच्याकडे टक लावून पाहणारं आणि त्याचं एक अक्षर न ऐकणारं माणूस अख्ख्या वऱ्हाडात सापडायचं नाही. ताईंची नोकरीच तशी होती. दूर एका प्रयोगशाळेत त्यांनी उभी हयात मुठीएवढ्या माकडांची नजर तपासली. पडद्यावर ठिपका सरकायचा, माकडानं तो नीट पाहिला की त्याला फळाचा रस मिळायचा. एक जात नुसते डोळे फिरवायची, दुसरी अख्खी मान. निवृत्त होऊन अकोल्याला परतल्यावर ताईंनी हीच वाटणी माणसांना लावली. पाहुणा आला की त्याच्यासमोर चमचा हलवायचा, जात ठरवायची, मगच सरबत. जुन्या शहरातल्या बाजारात एका भाजीवाल्याला त्या कौतुकानं म्हणाल्या, "तू डोळेवाला!"

"मी तं वांगेवाला हाय, बाई," तो म्हणाला. ताईंनी ते ऐकलंच नाही.

मागच्या दिवाळीला त्या आमच्याकडे अमरावतीला आल्या. जेवताना यांच्याकडे पाहत बसल्या.

"भाऊ, तू तं डोळेवाला होता. मान काहून फिरवून राहिला?"

"तुह्या माकडाइले पाह्य ना! मले काहून पाहून राहिली?"

"ताई, सणाचं जेवू द्या न त्याईले," मी म्हटलं. दाराला खांदा आपटणं, शेजाऱ्यांच्या फाटकावर स्कूटर घालणं हे यांचं वर्षभर चाललं होतं. मी त्याला वेंधळेपणा म्हणत होते आणि रोज बोलत होते.

ताईंनी यांना समोर बघायला सांगितलं आणि चमचा कानाकडून हळूहळू पुढे आणला. तो जवळजवळ नाकासमोर येईपर्यंत यांना दिसला नाही. दवाखाने उघडले त्या दिवशी त्यांनी भावाला हाताला धरून नेलं. काचबिंदू निघाला. बाजूची गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली थेंबांनी टिकवता येईल, असं डॉक्टर म्हणाले. बाहेरच्या बाकावर ताई पहिल्यांदाच कोणाकडेही न पाहता बसल्या होत्या.

"माकडाइले रोज पाहिलं, वहिनी," एवढंच म्हणाल्या.

मी तर रोज समोर बसत होते.

थेंब मीच टाकते. पहिल्याच आठवड्यात दिसलं, की यांचे डोळे काळे नाहीत, तपकिरी आहेत. पंचवीस वर्षांत लक्षात आलं नव्हतं. ताईंना फोन करून सांगितलं.

"मले मालूम हाय," त्या म्हणाल्या.