फुली मारूनही न गेलेली फाईल

आमच्या घरात कॉलेजची पदवी घेतलेला मी पहिला. माझी मावसबहीण दुसरी होणार होती, पण वसतिगृहाने तिचा अर्ज थांबवला. अर्जाला भलत्याच मुलाचं दिव्यांग प्रमाणपत्र जोडलेलं निघालं. दुसऱ्याचा कागद लावून राखीव जागा लाटते, असं तिला तोंडावर ऐकवलं. आणि अर्जाची ती वेबसाईट मी जिथे काम करतो, त्या सदर भागातल्या आमच्याच ऑफिसने बनवलेली.

ऑफिसातल्या सरांना म्हटलं, चूक साईटची आहे असं वसतिगृहाला लिहा. त्यांनी आपल्या कॉम्प्युटरवर अर्ज उघडून एक फाईल निवडली, शेजारची फुली दाबली, फाईल गेली.

"आपल्याकडं तं बरोबर चालून राहिलं गा."

या एका वाक्याने माझं डोकं फिरतं. आपल्याकडं नवा ब्राउझर आहे. सगळं जग काय आपल्या टेबलावर येऊन बसतं?

तिने अर्ज नंदनवनच्या एका नेट कॅफेतून भरला होता. तिला घेऊन तिथे गेलो आणि मालकांची कामाची पद्धत पाहिली. एकाचा अर्ज पाठवला की ते पान नव्याने उघडायचे नाहीत. जिल्हा, तालुका, कॉलेज परत कोण टाईप करणार? नाव आणि दाखले बदलायचे, नको त्या फाईलवर फुली मारायची, झालं. ब्राउझर जुनापुराणा. फुली दाबली की पडद्यावरचं फाईलचं नाव जायचं, फाईल मात्र आतच. तिच्या आधीच्या मुलाचा कागद तसाच तिच्या अर्जासोबत गेला होता.

मोबाईलवर शूट करून सरांना पाठवलं. फोन आला, "आधी दुरुस्त कर, मंग लिहितो."

तिथेच लॅपटॉप उघडला. फाईलचा रकाना रिकामा करायचा, जावास्क्रिप्टची एक ओळ. नव्या ब्राउझरने ऐकलं, जुना ढिम्म. सुरक्षेसाठी म्हणे तो त्या रकान्याला हातच लावू देत नाही. मग अख्खा फॉर्म रीसेट केला. फाईल गेली, पण नाव-पत्त्यासकट सगळंच कोरं.

"एक फाईल काढाले चार वर्षं इंजिनिअरिंग केलं का गा दादा?" बहीण म्हणाली.

"चूप बस वं."

शेवटी तो रकानाच उपटून फेकला आणि त्या जागी नवाकोरा बसवला. फाईल गेली. पुन्हा निवडली तर नावच दिसेना, कारण नव्या रकान्याला माझा कोड जोडलेलाच नव्हता. तोही जोडला. एवढ्याशा फुलीपायी अख्खी दुपार!

सरांनी मेल केला, अर्ज मान्य झाला. बहिणीने वसतिगृहाचं उत्तर मला मोठ्याने वाचून दाखवलं. तांत्रिक अडचण दूर झाल्याने अर्ज स्वीकारण्यात येत आहे.

"आन् मले खोटारडी म्हटलं, त्याचं काय?" तिने विचारलं. "त्याचं तं एक अक्षर नाही यात."

मी मोबाईल तिच्या हातातून घेतला आणि उत्तर पुन्हा वाचलं. खरंच नव्हतं.