वरून आलेले उजागरे सर

आमच्या कॉलेजात लोकप्रशासन हा विषय बहुतेकजण घेतात ते इतिहासाच्या जागा भरल्या म्हणून. मीही त्यातलाच. तो शिकवणारे शांतवन उजागरे सरही, त्यांच्याच म्हणण्याप्रमाणे, असेच आत शिरले आणि बाहेर यायचं विसरले. सोनईजवळच्या गावी त्यांच्या आई, मेरीबाई, अजून सांगतात की पोरगा साहेबांच्या खात्यात आहे. म्हणजे साहेब का, असं कुणी विचारलंच तर म्हणतात, साहेबांना शिकवतो. आमच्यातला अजून एकही साहेब झालेला नाही, हा भाग वेगळा.

सरांना पछाडलं होतं एकाच प्रश्नाने: माणसं ग्रामसभेला का येत नाहीत? सगळी पुस्तकं सांगत होती, येत नाहीत. सर आकाशी स्कूटरवर बसून गोदाकाठच्या काही गावांत गेले, तर तिथं ही गर्दी. सतरंज्या अंथरलेल्या, बायका पुढं बसलेल्या, ग्रामसेवक एकेक योजना खणखणीत वाचून दाखवतोय. सर कोपऱ्यात बसून टिपणं काढत. बोलायचं नाही, मत द्यायचं नाही, हा त्यांचा नियम. संशोधकाने भिंतीसारखं असावं म्हणे. ग्रामसभा नेमक्या राष्ट्रीय सणांच्या आसपास, त्यामुळे कित्येक वर्षं पंधरा ऑगस्ट काय नि सव्वीस जानेवारी काय, सर घरी नसतच. प्रार्थना मॅडम, म्हणजे त्यांच्या मिसेस, म्हणायच्या की सगळ्या देशाला सुट्टी आणि आमच्याच घरात ड्युटी.

निष्कर्ष निघाला: या भागात ग्रामसभा जिवंत आहे. पीएच.डी.चे पुण्याचे मार्गदर्शक खूश झाले. प्रबंध टाईप झाला. तो त्या महिन्यात सादर झाला तर सर विभागप्रमुख होणार होते, नाहीतर त्यांच्यामागून लागलेले आदिनाथ सर. गणित एवढं सोपं होतं.

फक्त एक फोटो राहिला होता, भरलेल्या ग्रामसभेचा. दोन ऑक्टोबरला सर निघाले आणि स्कूटरची क्लचवायर तुटली. मग कांद्याच्या टेम्पोत, गोण्यांना टेकून, धुळीपायी तोंडाला रुमाल बांधून ते पुणतांब्याच्या अलीकडच्या एका गावात उतरले. मारुतीच्या देवळापुढे सतरंज्यांची गुंडाळी तशीच पडलेली. ग्रामसेवक कानिफनाथ पायरीवर बसून फोनवर बोलत होता. रुमालातल्या माणसाला त्याने हातानेच बाजूला व्हायला सांगितलं. फोनवर तो म्हणत होता की आकाशी स्कूटर अजून दिसली नाही, ग्रामसेवकांच्या ग्रुपवर पण कुणी टाकलं नाही, तेव्हा माणसं पाठवू नका, चार सह्या घेऊन उरकून टाकू.

सरांनी रुमाल सोडला.

कानिफनाथ उभा राहिला आणि त्याच फोनवर, आवाजही न बदलता, म्हणाला, "आलेत. पाठवा."

पाव तासात देऊळ भरलं. पुढे सरपंच मालनबाई. त्या माझ्या नात्यातल्या मावशी, म्हणून पुढचं मला दोन्हीकडून ऐकायला मिळालंय. सर पहिल्यांदाच कोपरा सोडून पुढे आले. त्यांनी विचारलं, मी कोण आहे असं तुम्हाला वाटतं?

"तुमी वरून आलेले," मालनबाई म्हणाल्या.

"वरून म्हणजे कुठून?"

"ते आमी कधी इचारलं न्हाई. तपासायला आलेला मानूस थोडाच सांगतो?"

सर म्हणाले, मी कॉलेजात शिकवतो. कुणाचा विश्वास बसेना. सर ओळखपत्र दाखवायला लागले तसा एकेकाचा चेहरा उतरत गेला. पाहुणा म्हणून ज्याला बुंदी खाऊ घातली तो भलत्याच लग्नातला निघावा, तसं झालं. मागून एका म्हाताऱ्याने शांतपणे विचारलं, "मास्तर हायेत व्हय. मग आमी उठू का?"

बरेचजण उठलेही. बायका मात्र हलल्या नाहीत. सरांनी मालनबाईंना विचारलं, तुम्ही का बसलात?

"तुमी लिवत बसला की ह्यो कानिफ समदं वाचून दावतो," त्या म्हणाल्या. "एरवी पानं उलटतो निस्ती. तुमी मास्तर असा न्हाईतर कंपाउंडर. लिवत ऱ्हावा."

कानिफनाथ तेव्हा सतरंजीचा कोपरा सरळ करत होता. तो बराच वेळ सरळ होत होता. मग त्याने वाचायला घेतलं.

सरांनी फोटो काढलाच नाही. रात्री मार्गदर्शकांना फोन केला. ते हसले आणि म्हणाले, शांतवन, एक तळटीप टाक आणि सादर कर. सल्ला काही वाईट नव्हता. तळटीप कोण वाचतं? आम्ही तर पुस्तकच वाचत नाही. सरांनी रात्रभर विचार केला असेल, असं मला वाटायचं. मॅडम म्हणतात, छे, जेवले आणि झोपले. सकाळी उठून त्यांना एवढंच म्हणाले, "मी भिंत नव्हतो गं. मीच ग्रामसभा भरवत होतो." मॅडमनी विचारलं, मग आता? सर म्हणाले, आता परत जायचं, मास्तर म्हणून.

आदिनाथ सर विभागप्रमुख झाले. सत्काराचं सूत्रसंचालन उजागरे सरांनीच केलं, आणि लोक म्हणतात, चांगलं केलं. मग ते पुन्हा त्याच गावांत गेले, या वेळी आधी आपण कोण ते सांगून. काही ठिकाणी देवळात फक्त कबुतरं. काही ठिकाणी आठ-दहा बायका आणि समोर कुरकुरत वाचणारा ग्रामसेवक. सर दोन्हींची नोंद करत.

नवा प्रबंध आधीच्याच्या निम्मा झाला. शेवटच्या तोंडी परीक्षेला मी मागे बसलो होतो, वडे मिळणार होते म्हणून. बाहेरच्या परीक्षकांनी चष्मा वर करून विचारलं की या अभ्यासात सर्वात मोठी चूक कोणाची आढळली.

"माझी," सर म्हणाले. "प्रकरण तीन."

परीक्षकांनी प्रकरण तीन उघडलं आणि वाचत बसले. वडे गार झाले, पण कुणी उठलं नाही.