आंबाडी कुणाच्या नावावर

मला माझ्या वहिनीचा हेवा वाटतो. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी मला भली बाई समजायला नको. वहिनी म्हणजे माझ्या धाकट्या भावाची बायको. ती नांदेडला माझ्या मायजवळ राहते, आणि मी लग्न होऊन लातूरला. आईला आम्ही मायच म्हणतो. ही माय वहिनीच्या वाट्याला रोज, आणि माझ्या वाट्याला सुट्टीपुरती. मी शाळेत मराठी शिकवते, पगार आहे, दारात स्कूटी आहे. वहिनीकडं यातलं काही नाही. तरी जळतं कोण, तर मी.

माहेरी गेल्यावर काय होतं ते ऐका. रिक्षातून उतरते तोच दारात लसणाच्या तेलाचा वास येतो. आंबाडीची भाजी! ज्वारीच्या कण्या घालून घोटलेली, वरून लसणाचं कडकडीत तेल ओतलेली, आमच्या मायची भाजी. पोटात कावळे ओरडायला लागतात. घाईघाईनं हातपाय धुऊन बसते, तर माझ्यापुढं येतं पनीर.

"आंबाडी?" मी विचारते.

"ती व्हय? ती सकाळचीच संपली की ताई. तुम्ही येणार म्हणून तुमच्यासाठी खास हे केलं."

माय कौतुकानं बघत म्हणते, "लई जीव हाय बघ तिचा तुझ्यावर."

डोंबलाचा जीव! घरच्या माणसांना आंबाडी आणि मला पनीर. माझ्याच घरात मला पाहुणी करून ठेवली बाई, आणि वर मी खूश व्हायचं.

ती भाजी लहानपणी मी पोटभर खाल्ली, पण एकदाही केली नाही. मायनं करूच दिली नाही. आम्ही भोकरकडच्या खेड्यातून नांदेडला आलो ते शिकण्यासाठी. माय स्वतः दुसऱ्यांच्या शेतात राबलेली, शाळेचं तोंड न बघितलेली. तिचा एकच हट्ट होता, पोरगी चुलीपुढं दिसता कामा नये. मी मदतीला म्हणून आंबाडी निवडायला बसले की हातातली जुडी हिसकावून घ्यायची. "ऊठ. पुस्तक घे. भाजी काय, कुणाला बी येती." भाऊ पाणी भरायचा आणि मी अभ्यास करायची. गल्लीतल्या बाया म्हणायच्या, हिची सासू हिला धारेवर धरील. माय म्हणायची, "नोकरी बघून गप बसंल."

सासू गप बसली नाही. औशाची होती ती, जिभेनं तिखट. मला धड पिठलं येत नव्हतं, तेव्हा तिनं शेजारी उभं करून एकेक भाजी शिकवली आणि प्रत्येक भाजीबरोबर टोमणा वाढला. तिचं म्हणणं एकच, "मास्तरीणबाई, दाण्याच्या कुटाबिगर भाजीला चव येती का?" वांग्यात कूट, मेथीत कूट, दोडक्यात कूट. ती जाऊन बरीच वर्षं झाली. तिच्याबद्दल कुणी विचारलं की मी म्हणायची, सासू होती, दुसरं काय.

मागच्या वर्षी नांदेडला आमच्या बुद्धविहारातल्या महिला मंडळानं पाककृतींचं पुस्तक काढायचं ठरवलं. पोरी नोकरीला बाहेर गेल्या, आणि तिथून फोन करून विचारतात, मम्मी, कुकरच्या शिट्ट्या किती? त्यांच्या हातात घरचं काहीतरी द्यावं, असा विचार. मंडळाच्या अध्यक्ष म्हणजे निवृत्त नर्सबाई, इंजेक्शन द्यावं तसं बोलणाऱ्या. त्यांचे नियम ठरलेले. एका घरानं एक पदार्थ द्यायचा. हॉटेलातलं काही नको. एक पदार्थ दोनदा छापायचा नाही. आणि प्रत्येक पदार्थाखाली दोन ओळी: देणारी कोण आणि शिकवणारी कोण.

मराठी बघायला मला सांगितलं. बायांनी वहीच्या पानांचे फोटो पाठवले आणि मी लातूरला बसून ते वाचत गेले. काय सांगू, शाळेचे पेपर तपासायचे सोडून मी तेच वाचत बसायची. कुणी लिहिलेलं, "पाणी बोटाच्या एका पेरावर यावं, बोट आपलं, लेकराचं नको." कुणी लिहिलेलं, "मीठ चवीपुरतं, पण नवरा आळणी खाणारा असेल तर त्याला विचारू नये." एकीनं धपाट्यांच्या कृतीत मधेच लिहिलं होतं की हे तिच्या थोरल्या लेकाला आवडतं आणि तो फोन करत नाही. मी ते काढलं नाही. असली पुस्तकं वाचताना भूक लागते ती नुसती पोटाला लागत नाही.

आणि मग ते पान आलं. आंबाडीची भाजी. देणारी, वहिनी. शिकवणारी, सासूबाई.

अंगाची लाही लाही झाली माझ्या. माझी माय, माझी भाजी, आणि छापून येणार हिच्या नावानं! रोज खाते ते खाते, आता पुस्तकातही हीच. मी तिथल्या तिथं नर्सबाईंना फोन लावला आणि सांगितलं की आंबाडी मी देणार, लेक मी आहे, शिकवणारी माय असंच माझ्या नावाखाली लिहायचं.

"दोघींची एकच भाजी?" त्या म्हणाल्या. "मग रविवारी या. दोघी करा विहारात. म्हातारी खाईल आणि सांगेल कुणाची घ्यायची."

वहिनीला कळलं तसा तिचा फोन आला. "ताई, तुम्हाला पायजे तर तुम्हीच घ्या की. भाजीचं काय येवढं?" ऐकून मी आणखी पेटले. मला तिची मेहरबानी नको होती. मला मायच्या तोंडून ऐकायचं होतं की ही भाजी माझ्या लेकीची.

आठवडाभर लातूरला सराव केला. पाला निवडा, उकडा, आंबट पाणी काढून टाका, कण्या शिजवा, घोटा. घरात रोज आंबाडी. नवऱ्याचे दात आंबले, तरी बिचारा वाढून घेत राहिला. रविवारी पहाटेची एसटी धरून मसाल्याचा डबा मांडीवर घेऊन मी नांदेडला पोचले.

विहाराच्या मागच्या अंगणात दोन शेगड्या मांडल्या होत्या. मायला खुर्ची दिली होती, तोंड भिंतीकडं करून, म्हणजे कुणाचं पातेलं कोणतं ते दिसू नये. बाया सभोवती बसल्या. मी पदर खोचून कामाला लागले. वहिनी शेजारच्या शेगडीवर. ती कुणाशी तरी हसत बोलत होती, तिच्या माहेरी देवणीकडं आंबाडीला पुंडी कसं म्हणतात ते सांगत होती, आणि हात आपले चाललेले. भांड्यात बघतसुद्धा नव्हती! मी मात्र घामानं निथळत होते. लसणाचं तेल ओतलं तेव्हा चर्र आवाज झाला आणि दोघीतिघी म्हणाल्या, "वास तर लई भारी सुटला." मला वाटलं, जिंकले.

नर्सबाईंनी दोन वाट्या मायपुढं ठेवल्या. मायनं पहिल्या वाटीत भाकरीचा तुकडा बुडवला आणि खाल्ला. पुन्हा बुडवला.

"चांगली झाली," ती म्हणाली. "पर ही लातूरची हाय."

"लातूरची कशी?" माझ्या तोंडून निघून गेलं. वाटी माझी होती हे सगळ्यांना कळलं.

"कूट हाय की हिच्यात."

"मी कूट घातलेलाच नाही, माय!"

मग एकीनं माझ्या मसाल्याच्या डब्याकडं बोट दाखवलं. कुटाच्या वाटीचं झाकण बाजूला पडलेलं, चमचा आत, आणि शेगडीजवळ सांडलेला कूट. कधी घातला, खरंच मला आठवत नव्हतं. हातानं आपला आपण घातला होता.

माय माझ्याकडं वळली. "औशाचा हात हाय ह्यो. तुझ्या सासूचा. चांगला हाय की गं, त्यात काय? तुझी येगळी छाप. शिकवणारी सासू, असं लिव्ह." मग दुसरी वाटी तोंडाला लावली आणि नुसतं म्हणाली, "हाव. ही आपली."

नर्सबाईंना काय सुचलं कोण जाणे, त्यांनी मायला विचारलं, "लेकीला तुम्ही काहीच शिकवलं नाही का हो?"

माय खुर्चीत ताठ झाली. "एक बी भाजी न्हाई. म्या येऊच दिली न्हाई तिला. तिच्या हातात पुस्तक व्हतं."

इतक्या अभिमानानं म्हणाली की बायांनी टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठीच वाजत होत्या त्या टाळ्या, आणि मला भोकाड पसरावंसं वाटत होतं. सगळं दिलंस गं माय, पण हे तेवढं दिलं नाहीस. हे सगळं तिला दिलंस.

संध्याकाळी मी परत निघाले तेव्हा वहिनीनं माझ्या पिशवीत स्टीलचा डबा ठेवला. पनीर नव्हतं, आंबाडी होती. मी तोंड फुगवूनच होते. ती दारात घुटमळली आणि म्हणाली, "ताई, एक सांगू का? छापताना माझं नाव तेवढं माहेरचं टाकता का? आडनाव इथलंच राहू द्या."

"माहेरचं कोणतं?" मी विचारलं, आणि विचारता विचारताच मला आठवलं.

तिचं माहेरचं नाव आणि माझं नाव एकच. आमच्यात लग्नात मुलीचं नाव बदलायची चाल तशी कमीच, पण हिचं बदललं. पत्रिका छापायच्या आधी माय म्हणाली होती, एका घरात एका नावाच्या दोघी कशाला, हाक मारली तर ओ कोण देणार? सगळे हसले होते, मी पण. हिला दुसरं नाव दिलं. पुढच्याच वर्षी मी लग्न होऊन लातूरला गेले. नाव मोकळं झालं, पण ते तिला परत द्यायचं कुणाच्या लक्षातच आलं नाही.

"शाळेच्या दाखल्यानंतर कुठं छापून आलं न्हाई ते," वहिनी म्हणाली. "तुमचं तर लई ठिकाणी येतं."

लातूरला येऊन मी ते पान टाइप करायला घेतलं. तिचं नाव, आमचं आडनाव. लिहून झाल्यावर बघितलं तर ते माझंच लग्नाआधीचं नाव, जसंच्या तसं. खाली आंबाडीची भाजी. त्याखाली, शिकवणारी म्हणून मायचं नाव. मला जे हवं होतं ते अक्षर न् अक्षर पानावर होतं, आणि त्यातलं काही माझं नव्हतं. राग तर इतका आला की डोळ्यांत पाणी आलं. काना-मात्रा तपासून पान पाठवून दिलं. माझी कुटाची आंबाडी नर्सबाईंनी वेगळा पदार्थ धरली, ती दोन पानं पुढं आहे. शिकवणारी, सासू, औसा. ते लिहिताना मात्र हात थांबला नाही.

पुस्तक छापून आलं तशी मी नांदेडला गेले. माय बाजेवर बसली होती आणि वहिनी आत भाकऱ्या करत होती.

"वाच की आंबाडीचं," माय म्हणाली.

मी पान काढलं आणि वरचं नाव वाचलं.

मायचा चेहरा उजळला. "म्हंजे तुझीच छापली की गं शेवटी!"

"न्हाई माय," मी म्हणाले. "माझी पुढं आहे. ही वहिनीची. तिचं माहेरचं नाव आहे हे."

आत भाकरी थापायचा आवाज थांबला. मायनं पुस्तक हातात घेऊन त्या पानावरून बोट फिरवलं, अक्षर येत नसताना. मग तिनं स्वयंपाकघराच्या दाराकडं मान वळवली आणि ते नाव घेऊन हाक मारली.

आम्ही दोघींनी ओ दिली. तिची माझ्या आधी आली.