बर्फाखाली टांगलेलं यझ्द

"तिथं वारा न्हाई म्हनं."

"कुठं?" उस्ता हबीबुल्लानं रोटीचा तुकडा शूलीच्या, म्हणजे पिठाच्या दाट सुपाच्या, वाडग्यात बुडवला.

"गुरूच्या त्या बर्फाळ चंद्रावर. तारांगणाच्या पूरानबाईचा फोन आलता. वाराच न्हाई तर चित्रात ह्ये वाऱ्याचं मनोरं कशापायी, म्हनली. चारच्या आत काढून टाका."

"मग टाक काढून."

"जीभ काढून टाक म्हनल्यावानी बोलताय."

"ती न्हाई निघायची. तीस वर्सं वाट बघतुय मी."

तूबानं त्याच्या पुढची व्हिनेगरची बाटली ओढून घेतली. व्हिनेगरशिवाय शूली म्हणजे त्याला शिक्षाच.

तूबाचं वय चौपन्न. हातमागावर तिर्मा विणायची, म्हणजे इराणातल्या त्यांच्या यझ्द गावचं ते अंगभर कोयऱ्यांचं रेशमी कापड. ह्या मागाला दोन माणसं लागतात. खाली विणणारी बसते आणि वर फळीवर बसून दुसरा दोऱ्या ओढतो. वरचा माणूस म्हणजे उस्ता. त्याचा सगळा जन्म जमिनीखाली पाण्याचे बोगदे खोदण्यात गेला. गुडघे गेले तसा तो बोगद्यातनं निघाला तो थेट फळीवर चढला. शेजारणी म्हणत, तूबानं नवरा विहिरीतनं काढून माळ्यावर ठेवला.

कोयरीच्या पोटात कोयरी, तिच्या पोटात आणखी बारकी कोयरी, हे तिच्या बोटांना लहानपणापासून ठाऊक. भाच्यानं शिराजला जाताना आपला जुना कॉम्प्युटर तिच्याकडं टाकला आणि त्यात तिला हाच खेळ सापडला. एक नियम लिहायचा: मनोरा उभा कर, त्याच्या अंगावर तसेच तीन धाकटे, त्या प्रत्येकाच्या अंगावर आणखी तीन. मग कितीही जवळ जाऊन बघा, तीच घडण. शिकलेले त्याला फ्रॅक्टल म्हणतात. तूबा म्हणायची, पोटातलं पोट.

शाळेमागं नवं तारांगण झालं. घुमटाला आतनं एक चित्र हवं होतं, लांबच्या एखाद्या चंद्रावरच्या माणसांच्या वस्तीचं. तूबानं अकरा महिने खपून बर्फावर गाव वसवलं. आता यझ्दच्या माणसाला घर काढ म्हटलं की तो आधी छपरावरचा वारा धरायचा मनोरा काढतो, मग खाली भिंती. तारांगण सांभाळणारी पूरानबाईही इथलीच. दर गुरुवारी येऊन चहा प्यायची, मनोरे मोजायची, वा वा करायची. अकरा महिन्यांत दोघींपैकी एकीलाही वाऱ्याची आठवण झाली नाही. शेवटी काल तेहरानच्या पाहुण्यानं विचारलं, हवाच नाही तर हे पकडतात काय? आज संध्याकाळी चित्र छापखान्यात जाणार होतं. हे नाही, तर तेहरानहून विकत आणलेलं कड्यांच्या ग्रहाचं.

"मनोरं काढलं तर उरतंय काय?" तूबा म्हणाली. "समदं गाव एका मनोऱ्यातनं उगवलंय. बी काढलं की नुसता बर्फ."

तिनं कागदावर छापलेलं चित्र जेवणाखाली अंथरलेल्या दस्तरखानावर पसरलं. उस्ता समोर बसला होता. त्याच्या बाजूनं ते उलटं. त्यानं आपलं उलटंच बघितलं.

"ह्या विहिरी मातुर झ्याक काढल्यास."

"कुठल्या विहिरी?"

"ह्या काय. वर बर्फ, खाली उतरलेल्या. एकीच्या अंगाला दुसरी. असं कुनाला सुचत न्हाई. खाली पानी हाय न्हवं?"

तूबानं चमचा ठेवला आणि कागद उलटा फिरवून आपल्याकडं घेतला.

"हाय," ती म्हणाली. "बर्फाच्या खपलीखाली खारा समुद्र हाय म्हनत्यात. अख्खा चंद्रभर."

"आन् पानी वाहतंय?"

"भरती-ओहोटी लई मोठी, म्हनलीया पूरानबाई. तळाशी ऊबबी आसल म्हनं."

"मग मनोऱ्याचं त्वांड खाली करून वाहतं पानी धरायचं. वर कशाला मरायला जायचं? मी चाळीस वर्सं वर कुठं होतो?"

तूबा उठली ती हात न धुताच. चित्र नुसतं फिरवून भागणार नव्हतं. उजेड चुकीच्या बाजूनं पडला असता आणि गुरू पायाशी आला असता. तिनं नियमातल्या 'वर'चं 'खाली' केलं, गुरू पुसला, बर्फ छताला नेला आणि कॉम्प्युटरला कामाला लावलं. तेव्हा पावणेबारा वाजले होते. त्या डबड्याला तीन तास लागायचे.

मागावर बसवेना. ती दर दहा मिनिटांनी जाऊन बघायची. एक मनोरा लोंबला. त्याला तीन फुटले. अडीचला पडदा भरत आला. बर्फाच्या छताला अख्खं यझ्द उलटं टांगलं होतं, गल्ल्या, घुमट, मनोरे, सगळं. आणि टोकाची सगळ्यांत बारकी तोंडं, जी तिनं कधी आखलीच नव्हती, प्रवाहाकडं वळून थेट कोयऱ्या झाली होती.

"उस्ता, हिकडं या. गुडघं ऱ्हाऊ द्या, सरपटत या."

उस्ता आला. पडद्याला नाक लावून एकेक विहीर तपासली. मग पडद्यावर बोट ठेवून म्हणाला, "हितं गाळ साचंल. हितं एक बारकी वाट ठेव साफ करायला."

"ते मानूसच आत उतरून करंल. तुमच्यावानी."

पावणेचारला पूरानबाई धापा टाकत आली. डोक्यावरची चादर खांद्यावर घसरलेली. पडद्यासमोर उभी राहिली तर बसायचंच विसरली.

"तूबा खानुम, हे खाली कुणी वळवलं?"

"ह्यांनी. जेवताना उलटं बघितलं."

"पाहुण्यांनी विचारलं तर मी काय सांगू? हे काय पकडतात?"

"पानी," उस्ता दारातनं म्हणाला. "वारा नसंल तितं पानी धरत्यात. यझ्दवाल्याला धरायला कायतरी लागतंयच."

पूरानबाई हसली आणि तिथल्या तिथं छापखान्याला फोन लावला. "कड्यांचा ग्रह राहू द्या. आमचं चित्र घेऊन निघतेय." चहाचा पेला तसाच टाकून, चित्र पेनड्राइव्हवर घेऊन ती गल्लीत दिसेनाशी झाली.

तूबानं पडद्याकडं आणखी एकदा बघितलं. मग कॉम्प्युटरवर फडकं टाकलं, व्हिनेगरची बाटली उस्ताच्या हातात दिली आणि मागाच्या खड्ड्यात पाय सोडले. सकाळपासून चार बोटंही कापड झालं नव्हतं.

"चढा वर," ती म्हणाली. "तांबडी दोरी ओढा. न्हाई, ती न्हवं. तिच्या पलीकडची."