गिरणीपासून दारापर्यंत

“आपण घरी आल्याचा आवाज घरात जायला न्हाई पाहिजे,” गुरुपादअप्पा म्हणाले होते.

बीडला जालना रोडवर नव्यानं उघडलेल्या शोरूममध्ये, बॅटरीवर चालणाऱ्या एका निळ्या दुचाकीजवळ उभं राहून. विकणाऱ्याला हसू आवरलं नाही. “काका, लोक ॲव्हरेज विचारतात. तुम्ही आवाज विचारता?” त्यानं चावी फिरवली आणि म्हणाला, “घ्या, चालू झाली.” अप्पा वाकले, कान हँडलपाशी नेला. कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या यंत्रांनी त्यांचे कान आधीच निम्मे खाल्ले होते. त्यांना स्वतःवर भरवसा वाटला नाही. त्यांनी सुनेला जवळ बोलावलं.

“कावेरी, तू ऐक गं. येतंय का काही?”

कावेरी दाताच्या डॉक्टरकडे म्हणून त्यांच्यासोबत आली होती. तिनं श्वास रोखून ऐकलं. चाक फिरत होतं, रस्त्यावर ट्रक जात होते, पण गाडीतून काहीच येत नव्हतं.

“न्हाई मामा. कायच येत न्हाई.”

“मग हीच.”

गावात त्यांनी वेगळं सांगितलं. डिझेल परवडत नाही, या गाडीला लायसन लागत नाही, रात्रभर वायर लावली की झालं. ते खरंही होतं. त्यांच्या वडवणीपासून जिनिंग नऊ-दहा किलोमीटरवर. तिथं ते आयुष्यभर कारकून, आणि आयुष्यभर एसटीनं गेलेले. मोटार ही त्यांची गोष्टच नव्हती. ती रविची.

रवि, त्यांचा एकुलता एक मुलगा, कावेरीचा नवरा. त्यानं लातूरहून जुनी डिझेल अँबॅसिडर आणली होती आणि ती भाड्यानं चालवायचा. लग्नाची वऱ्हाडं, बीडच्या दवाखान्यात न्यायचे पेशंट, कधी शिरूर कासारचे मुकादम. त्या गाडीचा आवाज म्हणजे लोखंडी घागरीत कुणी खडे हलवावेत तसा. गल्लीच्या तोंडाशी पिठाची गिरणी आहे. तिथं वळण घेताना रवि गिअर बदलायचा आणि खड्यांचा आवाज एकदम खाली उतरायचा. तो ऐकला की घरात दोन गोष्टी व्हायच्या. गंगासागरबाई तांब्या भरून दारात यायच्या, आणि कावेरी बाहेरच्या दिव्याचं बटण दाबायची. कुणी कुणाला सांगायचं नाही. ते हातांनाच माहीत होतं.

मग एका उन्हाळ्यात रविला कावीळ झाली आणि ती उतरलीच नाही. मठाच्या स्वामींनी त्याच्या कपाळाला विभूती लावली, लिंगायतांच्या रीतीनं त्याला बसवूनच मातीत ठेवलं, आणि गाडी दारात तशीच उभी राहिली. दोन-तीन महिन्यांनी अप्पा म्हणाले, उभी राहून लोखंड सडतं. रविनंच त्यांना कधीकाळी हौसेनं चालवायला शिकवलं होतं. ते गाडीनं जिनिंगला जाऊ लागले.

पहिल्याच संध्याकाळी गिरणीपाशी खडे वाजले. गिअर बदलला. गंगासागरबाई उठल्या, तांब्या भरला. कावेरीचा हात बटणावर गेला. दार उघडलं आणि अप्पा आत आले.

त्यात वेड नव्हतं. दोघींना पक्कं ठाऊक होतं. पण कान आधी जागा होतो, ठाऊक असणं मागून येतं. आणि त्या दोहोंच्या मधे जेवढी जागा असते तेवढ्यात दोघी रोज उठायच्या. अप्पा दारात दिसले की दोन चेहरे उतरायचे. किंचितच. लगेच सावरायचे. “पाणी घ्या,” म्हणून सासू तांब्या खाली ठेवायच्या. अप्पा तो उचलून चूळ भरायचे, आणि कावेरीला वाटायचं, त्यांना काही दिसलं नसेल. जिनिंगमध्ये कापसाची धूळ खाऊन खाऊन डोळे तांबारलेला माणूस.

त्यांना दिसत होतं. दीड वर्ष रोज दिसत होतं. आपण आलो म्हणून आपल्याच घरातले दोन चेहरे उतरतात, हे पायरी चढता चढता पाहायचं आणि चूळ भरायची. कावेरीला हे कळलं ते फार उशिरा. शोरूममधल्या त्या वाक्याचा अर्थ लागला तेव्हा.

निळी गाडी आली, मोटार दारातच ताडपत्रीखाली गेली आणि गल्लीला करमणूक झाली. लोडशेडिंगचे दिवस. वीज कधी येईल आणि कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून स्वयंपाकघराच्या खिडकीतून वायर कायम बाहेर सोडलेली असायची. समोरची दगडाबाई त्या वायरीवरून निळ्या गाडीला शेळी म्हणायची आणि रोज सकाळी ओट्यावरून विचारायची, “अप्पा, शेळीला रातीला दावं लावलं का? पाला खाल्ला का तिनं?”

“खाल्ला थोडा. रातीला लाईट न्हवती.”

“मग आज ढकलत येता का काय?”

“येईन की. तिला तरी कुठं ओरडता येतंय.”

आठवड्याच्या बाजारात तर ते मागून कधी आले ते एका म्हशीलाही कळलं नाही. ती बुजली आणि कांद्याच्या ढिगात शिरली. लोक म्हणाले, अप्पांचे कान गेले, आता गाडीही मुकी घेतली. अप्पा हसायचे. पुष्कळ दिवसांनी हसत होते, म्हणून कावेरीलाही बरं वाटायचं. खरं तर तिला त्या शांततेनं सुटल्यासारखं झालं होतं. संध्याकाळी हात आपापल्या कामात राहायचा. भाकरी थापताना मधेच थांबायचा नाही.

सासूंचं मात्र निराळं झालं. अप्पा केव्हा आले ते त्यांना समजेनासं झालं. वळून बघावं तर ते कोपऱ्यात बसलेले, चप्पल काढून, चोरासारखे. त्या दचकायच्या. तांब्या भरणं सुटलं. संध्याकाळची लिंगपूजा गाडीच्या आवाजानंतर करायची सवय होती. आता ती कधी दिवस असताना व्हायची, कधी व्हायचीच नाही. गळ्यातलं लिंग मुठीत धरून त्या मागच्या खोलीत बसून राहायच्या. जेवण कमी झालं. सकाळी तेवढं फडकं घेऊन ताडपत्रीखालच्या मोटारीची काच पुसायच्या.

“आता उठत न्हाई ती,” अप्पा एकदा समाधानानं सुनेला म्हणाले. “बरं झालं. विसर पडतोय.”

त्यांनी बायकोला विचारलं नाही. विचारायची रीतच नव्हती. लग्न झाल्यापासून ती दोघं एकमेकांशी तिसऱ्याच्या तोंडून बोलत आलेली. आधी अप्पांच्या आईच्या, मग रविच्या, आता कावेरीच्या. ‘त्यांना म्हणावं, मीठ संपलं.’ ‘तिला सांग, उद्या उशीर होईल.’ समोरासमोर बसून हे चालायचं, आणि कावेरी मधे उभी राहून ऐकलेलंच पुन्हा सांगायची. मीठ असं सांगता येतं, उशीर असा सांगता येतो. रविचं नाव त्या वाटेनं कुणी धाडलं नाही.

म्हणून चकलांब्याच्या सुंदररावांनी मोटार मागितली तेव्हाही तसंच झालं. सुंदरराव मोठे बागायतदार, जिनिंगला कापूस घालणारे; त्यांचा विजयसिंह पंचायत समितीला उभा राहणार होता. “जुनी असू द्या,” ते म्हणाले, “भोंगा बांधून गावोगाव फिरवायची हाय. आवाजाची गाडीच पाहिजे.”

अप्पांनी घरी येऊन सांगितलं, “कावेरी, तिला म्हणावं, गाडी द्यावी म्हणतो. नुसतीच उभी हाय.”

सासू समोरच शेंगा फोडत होत्या. कावेरी त्यांच्याकडे वळून म्हणाली, “आत्याबाई, मामा म्हणतात, गाडी द्यावी.”

सासूंनी मान हलवली. कशी हलवली, ते नीट दिसलं नाही. वीज गेलेली होती.

“बरं म्हणाल्या,” कावेरी म्हणाली.

रविवारी सुंदरराव ड्रायव्हर घेऊन आले. दिवस मावळायला आला होता. सुंदरराव पुढच्या खोलीत ऐसपैस बसले, चहा आला. ड्रायव्हरनं ताडपत्री काढली. गाडी काही चालू होईना. गल्लीतल्या चार माणसांनी धक्का मारत ती गिरणीपर्यंत नेली. दगडाबाई ओरडली, “अरे, अप्पांची शेळी जुंपा की म्होरं!” लोक हसले. आतून कावेरीला ते हसणं दूर जाताना ऐकू आलं, आणि मग बराच वेळ काहीच नाही. सुंदरराव कापसाच्या भावाबद्दल बोलत होते.

गिरणीपाशी इंजिनानं पकडलं. लोखंडी घागरीत खडे हलले.

कावेरीचा हात उठला. दोन महिने नीट वागलेला हात. तो भिंतीवर गेला, बटण दाबलं गेलं. वीज नव्हती, दिवा लागला नाही. मागच्या खोलीत भांड्याचा आवाज झाला. गाडीनं वळण घेतलं, गिअर बदलला, आवाज एकदम खाली उतरला. आणि गंगासागरबाई तांब्या घेऊन, डोक्यावरचा पदर सारखा करत, परक्या पुरुषासमोरून सरळ दारात येऊन उभ्या राहिल्या. काठोकाठ भरलेला तांब्या. थोडं पाणी सुंदररावांच्या बुटावर सांडलं.

गाडी थांबली. दार आपटलं. ड्रायव्हर पायरी चढून वर आला.

“टकाटक हाय, सरकार,” तो म्हणाला. “बॅटरी तेवढी टाकावी लागंल.”

आज चेहरा उतरला तो लगेच सावरला नाही. सुंदररावांनी कप खाली ठेवला. अप्पांनी नजर वळवली. तेच आता टळलं होतं ना, त्याच्यासाठीच तर सगळं केलं होतं.

“आत्याबाई, या आत,” कावेरी म्हणाली.

त्या आल्या नाहीत. त्या वळल्या आणि नवऱ्याशी बोलल्या. थेट. कावेरीनं या घरात आल्यापासून असं कधी ऐकलं नव्हतं.

“मी काय येडी हाय का? दारात कोण उतरतंय ते मला ठाऊक न्हाई का?”

अप्पांनी मान वर केली.

“गिरणीपासून दारापर्यंत येत होता तो. रोज. म्होरं दारात तुमी असायचे, ते ठाऊकच होतं. पण तेवढा तर येत होता. तेवढा बी तुमी काढून घेतला. आन् मला विचारलं बी न्हाई. कावून न्हाई विचारलं?”

निम्म्या गेलेल्या कानांनी अप्पांनी सगळं ऐकलं. मधे सांगायला कुणी लागलं नाही.

सुंदरराव हलक्या आवाजात म्हणाले, “अप्पा, भोंग्याला दुसरी गाडी बघता येईल. तुमी म्हणाल तसं. न्यायची का ठिवायची?”

कावेरी भिंतीशी उभी होती. तिला वाटलं, मामांनी ‘न्या’ म्हणावं. एकदाच काय ते जाऊ द्यावं. तिनं त्यांच्याकडे पाहिलं, तेव्हा ते तिच्याकडेच पाहत होते. तिच्या हाताकडे, जो अजून बटणावर होता. फार वेळ पाहिलं त्यांनी. ‘ऐक गं’ म्हणताना शोरूममध्ये पाहिलं होतं तसं.

मग ते उठले. ड्रायव्हरपुढे तळवा धरला. त्यानं चावी ठेवली. बायकोच्या हातातला तांब्या त्यांनी घेतला नाही, तिच्या बाजूनं अंग चोरून ते पायरी उतरले. खिडकीतल्या वायरला बांधलेली निळी गाडी ओलांडली, आणि गिरणीपर्यंत जाऊन परत यायचं म्हणून मोटारीकडे चालत गेले.